उजव्या सीटवरची थाप

दादा,

आज सकाळी आत्याबाई गेली. मीच दिली. तू असतास तर फाटकात आडवा झोपला असतास, म्हणून आधी तेवढं भांडण उरकून घेऊ, मग बाकीचं बोलू.

तू गेल्यावर मी कामांची यादी केली. हसू नकोस. पेन्शनचं ऑफिस, बँक, गॅसचं कार्ड, तुझा मोबाइल बंद करणं, कपडे आश्रमात देणं, गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मग सगळे आपापल्या गावी गेले आणि मी ती यादी घेऊन कामाला लागले. एकेक काम होत गेलं तसं बरं वाटायला हवं होतं. मला मात्र धास्ती वाटायला लागली. यादी संपली की सकाळी उठून करायचं काय, हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी एकच ओळ उरली. नुसतं 'आत्याबाई' लिहिलेलं होतं. तिचं काय करायचं ते लिहायला हात धजावला नव्हता.

बँकेतल्या मुलीने फॉर्म भरताना ती ओळ वाचली आणि मायेने विचारलं, "मैडम, बुआजी भी आपके साथ ही रहती हैं?"

मी म्हटलं, "हाँ, पीछे टीन के शेड में."

तिचा चेहरा बघून पुढे सांगावं लागलं की गाडी आहे, अमेरिकन आहे, माझ्याहून म्हातारी आहे. तू असतास तर मला खुलासा करू दिला नसतास. दोन दिवस हसला असतास.

नानांना सख्खी बहीण नव्हती. मिलच्या मालकांकडे नवी गाडी आली आणि ही जुनी त्यांच्या बंगल्यात चिंचेखाली पडून राहिली. नाना हिशेबाचे कागद घेऊन गेले की तिच्यापाशी उभे राहायचे. एक दिवस मालकच म्हणाले, "ले जाइए बाबूजी, जगह खाली होगी." ट्रॅक्टरला दोर बांधून नानांनी ती घरी आणली. आई पोळ्या टाकून दारात आली आणि म्हणाली, "ही कोण?" नाना म्हणाले, "माझी बहीण आली असं समज." आई म्हणाली, "म्हणजे माझी नणंद. बघू आता."

आईचा अंदाज चुकला नाही. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर, टाकी भरलेली असो की कोरडी. मागचं दार खड्ड्यात आपणहून उघडायचं, म्हणून ते आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाने बांधलेलं. चढावर इंजिनाला जोर लागला की वायपर थांबायचे, म्हणजे पावसात घाट चढताना नेमकं दिसायला हवं तेव्हाच काचेवर पाणी. नाना म्हणायचे, अमेरिकेत चढावर पाऊस पडत नसावा. उन्हाळ्यात तर पेट्रोलचा पंप तापून गाडी कुठेही बसायची. मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि तिचा राग उतरेपर्यंत थांबायचं. तिला पाणी लागायचं, मान लागायचा, आणि आली की लवकर जायची नाही. आत्याबाई हे नाव कुणी ठेवलं असं नाही, ते पडलंच.

पण आपल्या घरात खरी गोष्ट होती ती स्टिअरिंगची. ते डावीकडे. आपल्या रस्त्यावर डाव्या अंगाला बसलेल्या माणसाला पुढच्या ट्रकची फक्त पाठ दिसते. पलीकडून काय येतंय ते उजवीकडे बसलेल्यालाच कळतं. म्हणून नानांनी नियम घातला. रस्ता मोकळा असेल तर उजवीकडच्याने डॅशबोर्डवर तळहाताने एक थाप मारायची. गाडीच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही आणि ओरडलं की चालवणारा दचकतो, म्हणून शब्द नाही. 'थांब' सांगायलाही काही खूण नाही. थाप पडली नाही म्हणजे थांबायचं, एवढंच. विचारायचं असेल तर चालवणाऱ्याने स्टिअरिंगवरून उजव्या हाताचं एक बोट उचलायचं.

आधी आई तिथे बसायची. तिच्या थापेबरोबर बांगड्यांचा आवाज यायचा आणि मागे आपण दोघं सीटला घट्ट धरून बसायचो. आई गेली, नानांचे डोळे गेले, स्टिअरिंग तुझ्याकडे आलं आणि ती सीट माझ्याकडे. डॅशबोर्ड पत्र्याचा. आईच्या आणि माझ्या हाताने त्या जागेचा हिरवा रंग उडून आत पत्रा चमकायला लागला. तू सगळ्या गाडीला दोनदा रंग दिलास, तेवढी जागा सोडून. मी म्हटलं, अर्धवट काम करू नकोस. तू म्हणालास, "ते तुला कळणार नाही यार, रहने दे." मला कळत होतं.

तो ट्रॅफिक पोलीस आठवतो? गीता भवनच्या चौकात सिग्नलला उभे होतो आणि मी भाजीची यादी लिहीत होते. तो सरळ माझ्या खिडकीशी आला. "मैडम, गाडी चलाते-चलाते लिख रही हो? लाइसेंस निकालो." मी म्हटलं, मी चालवत नाही. तो म्हणाला, "तो फिर चला कौन रहा है?" तू पलीकडून वाकून गंभीरपणे म्हणालास, "भिया, चलाती तो येई है, मैं तो बस गोल-गोल घुमाता हूँ." त्याने मागच्या दाराचा लुगड्याचा काठ बघितला, तुझ्याकडे बघितलं आणि हात जोडून जा म्हणाला.

आणि खजराना. लोक नवी गाडी घेतली की एकदा गणपतीला नेऊन पूजा करतात. तू दर वर्षी नेत होतास. पुजारी लांबूनच म्हणायचे, "आ गई बुआजी? अब भी चल रही है?" तू म्हणायचास, "इसीलिए तो लाए हैं, महाराज."

आता त्या जुन्या भांडणावर येते. मी म्हणायचे, विकून टाकू. शेडमध्ये अर्धी जागा ती खाते, अर्धी तिचे सुटे भाग. बाहेर निघायचं तर पाण्याचा कॅन, फडकी, दोर, चाकाला लावायच्या विटा, छत्री हे सगळं आधी भरायचं, आणि ते भरायचं मी. तू म्हणायचास, "तुला काय त्रास आहे? तुला यादी करायला मिळते ना." गाडी नानांनी माझ्या नावावर केली होती, का तर कागद हरवणार नाहीत म्हणून. म्हणजे मला वाटलं असतं तर मी कधीही विकू शकले असते. हे तुला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. त्यावर आपण एकदाही बोललो नाही. भांडण मात्र दर रविवारी पोह्यांबरोबर.

तुझं म्हणणं वेगळंच असायचं. "निमे, तू चालवायला शीक."

"मग उजवीकडे कोण बसेल?"

"मैं, और कौन? मलाही एकदा समोरचा रस्ता दिसू दे ना. आयुष्यभर ट्रकच्या पाठी वाचतोय."

मी म्हणायचे, बघू. माझ्या तोंडी 'बघू' म्हणजे काय, ते तुला ठाऊक होतं. तरी पुढच्या रविवारी पुन्हा विचारायचास.

लग्नाचं आपलं दोघांचंही राहून गेलं. आधी नाना आजारी, मग आई, मग तुझी बदली, मग माझी कॉलेजमधली नोकरी, मग कुणी विचारेनासं झालं. त्याचं दुःख करायला मला वेळ नव्हता, आणि तू कधी केलंस की नाही ते मी विचारलं नाही. आपल्या घरात विचारायची पद्धत म्हणजे एक बोट उचलायचं. तू ते फक्त गाडीत उचलायचास.

एकदाच जवळपास बोललो होतो. मे महिना होता, ओंकारेश्वरला निघालो होतो, आणि सिमरोलच्या पुढे घाटात आत्याबाई बसली. पंपावर फडकं टाकून आपण पळसाखाली सतरंजी पसरली. मी दशम्या आणि लसणाची चटणी काढली. रस्त्यावरून नव्या गाड्या सुं सुं करत जात होत्या आणि एक मुलगा खिडकीतून ओरडला, "अंकल, धक्का मारूँ क्या?" तू हात हलवून म्हणालास, "नहीं बेटा, आराम कर रही है." मग माझ्याकडे न बघता, दशमीचा तुकडा मोडत म्हणालास, "एकट्याने चालवता आली असती ना, तर मी ही कधीच विकली असती."

मी म्हटलं, "पाण्याची बाटली दे."

एवढंच. मला त्या वाक्याचं काय करायचं ते सुचलं नाही. सुचलं नाही की मी पाणी मागते, चहा टाकते, यादी करते. तू बाटली दिलीस. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली. घाटात एक कांद्याचा ट्रक पुढे होता, तू बोट उचललंस, मी थाप मारली आणि आपण पुढे निघालो. आता वाटतं, तेच उत्तर होतं. तुला ते पोचलं होतं की नाही, हे विचारायचं राहिलं.

हॉस्पिटलमधली ती दुपार मी कुणालाच सांगितलेली नाही. सगळ्यांना सांगितलं, शांतपणे गेला. तेही खरंच आहे. तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. मी रिपोर्टांची फाइल तारखेप्रमाणे लावत बसले होते. मान वर केली तर तू माझ्याकडे बघत होतास. आणि चादरीवरून तुझ्या उजव्या हाताचं बोट वर झालं.

मला कळलं, दादा. लगेच कळलं. पलंगाला लोखंडी कठडा होता, माझ्या हाताशीच. मी दोन्ही हात फाइलखाली घेतले आणि तसेच धरून बसले. थाप पडली नाही म्हणजे थांबायचं. आयुष्यात एकदाही तू तो नियम मोडला नव्हतास. तू बोट खाली ठेवलंस, डोळे मिटलेस, आणि मला वाटलं, ऐकलं. नेहमीसारखं ऐकलं.

मग नर्सने औषधाची चिठ्ठी दिली. मी खाली दुकानात गेले. वर आले तोवर तू निघून गेला होतास. उजव्या सीटवर कुणी नसताना.

तुझ्यावर राग धरून बघितला, टिकला नाही. स्वतःवरही धरून बघितला. तोही टिकला नाही. पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा हात फाइलखालीच घेईन. उरतं ते वेगळंच. सकाळी चहाला आधण ठेवताना मी दोन कप पाणी घेते आणि मग एक कप ओतून देते. कचऱ्याची गाडी आली की "निमे, आली गं" असं कुणी ओरडत नाही, मला कान देऊन बसावं लागतं. रविवारी पोहे केले, समोर कुणी म्हणेना की शेव कमी आहे. शेवेचा डबा मी हातात घेऊन उभी राहिले आणि परत ठेवला. परवा रिक्षाने कॉलेजला जाताना पुढची बस उभी होती आणि पलीकडचा रस्ता मोकळा दिसला. माझ्या हाताने समोरच्या दांडीवर थाप मारली. रिक्षावाल्याने ब्रेकच लावला. "क्या हुआ मैडम? उतरना है?" मी नाही म्हटलं. सगळ्या इंदुरात त्या थापेचा अर्थ कळणारा आता कुणी नाही, हे मला त्या रिक्षात बसून कळलं.

त्याच संध्याकाळी शेडमध्ये गेले आणि पहिल्यांदा तुझ्या जागेवर बसले. तुझ्या पाठीने सीटला खळगा पडलाय, त्यात मी पुरती मावते. बॉनेट केवढं मोठं दिसतं तिथून. आणि उजवीकडचं खरंच काही दिसत नाही रे. शेडचा खांब, पुढे भिंत. मी मान वाकवून बघितली, पार उजव्या सीटवर आडवी झाले, तेव्हा कुठे फाटक दिसलं. तुला अशी मान वाकवताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

अंकित आणि प्राची रविवारी गाडी बघायला आले. उज्जैनचे. तिशीतले नवरा-बायको, त्याला जुन्या गाड्यांचं वेड आणि तिला त्याच्या वेडाचा कंटाळा, पण हसरा कंटाळा. तू आजारी पडण्याआधी लालबागच्या मैदानात आत्याबाई बसली होती, तेव्हा धक्का मारायला जे दोघं आले होते, तेच. तू त्याला घरचा नंबर दिला होतास. त्याने तो जपून ठेवला होता.

मी दार उघडून सवयीने उजवीकडे बसले, तो स्टिअरिंगवर, प्राची मागे. खंडवा रोडला लागलो. पुढे भुशाने फुगलेली ट्रॉली. पलीकडे रस्ता साफ. मी थाप मारली. त्याने गाडी काढली नाही. माझ्या अंगावरून मान लांब करून स्वतः बघायला लागला आणि गाडी डुलली. मी पुन्हा थाप मारली. तो म्हणाला, "सॉरी आंटी, पर खुद देखे बिना कैसे निकाल दूँ? डर लगता है."

दादा, इतकी वर्षं तू न बघता गाडी काढलीस. पुढे ट्रक, तुला काही दिसत नाही, आणि माझ्या हाताचा एक आवाज ऐकून तू आपल्या दोघांना रस्त्याच्या मधोमध नेत होतास. मला वाटायचं, गाडी तू चालवतोस आणि मी सोबत बसते.

अंकित पुढे म्हणाला, "कोई नहीं, कैमरा लगवा लेंगे. स्क्रीन पे सब दिखेगा. फिर राइट में किसी को बैठने की जरूरत ही नहीं."

तेव्हा मी नाही म्हणणार होते. शब्द तोंडात आले होते. पण मागून प्राची म्हणाली, "हाँ, लगवा लो कैमरा. मैं तो वैसे भी पीछे बैठके सोने ही आती हूँ." तो हसला नाही. आणि मला घाटातला पळस आठवला.

मी गाडी बाजूला घ्यायला लावली. प्राचीला म्हटलं, पुढे या. तिला माझ्या जागेवर बसवलं, चमकणारा पत्रा दाखवला, नियम सांगितला. पक्कं असेल तरच मारायची. शंका आली तर काही करायचं नाही. ओरडायचं तर अजिबात नाही. अंकितला सांगितलं, मान वाकवायची नाही, बोट उचलायचं. मग मी मागे बसले, लहानपणीच्या जागेवर, दाराला बांधलेला काठ धरून.

बराच वेळ एका टँकरच्या मागे राहिलो. त्याने दोनदा बोट उचललं. ती गप्प. तिसऱ्यांदा उचललं, आणि थाप पडली. प्राचीच्या हातात बांगड्या होत्या. तो आवाज मी किती वर्षांनी ऐकला. अंकितने श्वास घेतला आणि मान न वाकवता गाडी काढली. टँकर मागे पडला. मग ती म्हणाली, "देखा?" आणि तो म्हणाला, "नहीं देखा. वही तो."

परत येताना डाव्या वळणावर हॉर्न वाजला तेव्हा दोघं एकदमच हसले. मी घरी येऊन हो म्हटलं.

माझ्या अटी दोनच. कॅमेरा लावायचा नाही आणि डॅशबोर्डवरच्या त्या जागेला रंग द्यायचा नाही. त्यांनी मान्य केलं. पुढे पाळतील की नाही ते बघायला मी जाणार नाही.

आज सकाळी कॅन, फडकी, दोर, विटा, छत्री सगळं भरून दिलं. प्राचीला दशम्या बांधून दिल्या, कारण आत्याबाई उज्जैनच्या अलीकडेच कुठेतरी बसणार. गल्लीत दुधाचा टेम्पो उभा होता. आत्याबाई त्याच्यामागे थांबली. मग बांगड्यांसकट थाप ऐकू आली, गाडी टेम्पोला वळसा घालून कोपऱ्यावर गेली, डावीकडे वळली आणि हॉर्न वाजला.

शेडमध्ये आता इतकी जागा आहे की काय ठेवायचं ते सुचत नाही. शेवटच्या ओळीवर रेघ मारली. तुझं भांडण ऐकायला थोडा वेळ थांबले.

फाटक लावायला गेले तेव्हा गल्ली रिकामी होती. दोन्ही बाजूंना बघितलं. काही येत नव्हतं. फाटकाचा पत्रा उन्हाने तापला होता. त्यावर तळहाताने एक थाप मारली.

मोकळा आहे, दादा. ये जाऊन.